सिगरेटच्या पाकिटातली चित्रं: जुनं बेसबॉल कार्ड बघायचं कसं?

हाताशी काडेपेटी असेल तर समोर ठेवा. आता तिच्याएवढाच रुंद आणि दीडेक सेंटिमीटर जास्त लांब असा पुठ्ठ्याचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. आजचा लेख एवढ्याशा तुकड्याबद्दल आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये असाच एक तुकडा ७२ लाख ५० हजार डॉलरला विकला गेला. त्यावर होनस वॅग्नर या अमेरिकन बेसबॉलपटूचं चित्र आहे. छपाई १९०९च्या सुमाराची, आणि मुळात तो सिगरेटच्या पाकिटात फुकट आलेला. त्याच महिन्यात मिकी मँटल या दुसऱ्या खेळाडूचं १९५२चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. अशा बातम्यांमध्ये किंमत असते, कार्ड किती दुर्मीळ आहे ते असतं, आधी कोणाकडे होतं तेही असतं. चित्र कसं आहे, हे मात्र सहसा नसतं.

छापायचं, वापरायचं आणि फेकून द्यायचं अशा कागदांचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय. लेबलं, तिकिटं, जाहिरातीची पत्रकं, आणि त्यातच ही कार्डं. विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे यात पैसे गुंतवावेत का?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला वेगळ्याच प्रश्नात रस आहे: चित्र म्हणून ही कार्डं चांगली आहेत का, आणि असतील तर ते कळायचं कसं? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. बरीचशी कार्डं खरंच चांगली चित्रं आहेत. पण बाजार ज्या नजरेनं त्यांची प्रत ठरवतो, त्या नजरेला ते दिसत नाही. का, ते आता बघू.

पाकीट वाकू नये म्हणून

१८८०च्या दशकात अमेरिकेत सिगरेटी कागदाच्या मऊ पाकिटात मिळायच्या. खिशात दबून त्या मोडू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवलेला असे. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर काहीतरी छापावं, हे कंपन्यांच्या लवकरच लक्षात आलं. मग नट्या आल्या, झेंडे आले, पक्षी आले, आणि खेळाडू आले. चित्रांची मालिका काढली की गिऱ्हाईक ती पुरी करण्यासाठी तोच ब्रँड पुन्हा घेतं, हे तर आपल्याला सांगायला नको. बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी ज्यांनी घरातली चिल्लर संपवली आहे, त्यांना ही युक्ती चांगलीच ठाऊक आहे.

सुरुवातीला या कार्डांचे दोन प्रकार होते.

पहिला प्रकार फोटोचा. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीनं 'ओल्ड जज' या सिगरेटीसोबत १८८६ ते १८९० या काळात खेळाडूंचे खरेखुरे छोटे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून दिले. तेव्हाच्या कॅमेऱ्याला धावता माणूस नीट पकडता येत नसे. म्हणून खेळाडूला स्टुडिओत आणायचं, मागे रंगवलेला पडदा लावायचा, आणि चेंडू दोरीनं वरून टांगायचा! खेळाडू हात पुढे करून झेल घेतल्याचा आव आणतो आणि त्या लटकत्या चेंडूकडे एकटक बघत राहतो. कितीतरी कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. मला ही कार्डं फार आवडतात. खेळाचा आव आणि स्टुडिओतली शांतता, दोन्ही एकाच चौकटीत सापडतात.

दुसरा प्रकार रंगीत छपाईचा. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं त्याच दशकाच्या शेवटी जगातल्या ५० विजेत्यांची मालिका काढली. त्यात दहा बेसबॉलपटू होते. बाकीचे मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, वल्हेकरी, बिलियर्ड खेळणारे आणि नेमबाज. नेमबाज ॲनी ओकलीसुद्धा त्यात आहे. पांढऱ्या जागेवर मऊ रंगात उमटलेले हे चेहरे बघितले की छपाईवाल्यांनी या जाहिरातीच्या तुकड्यावर किती मेहनत घेतली होती ते कळतं.

१८९० मध्ये पाच मोठ्या कंपन्या एकत्र येऊन 'अमेरिकन टोबॅको कंपनी' झाली. स्पर्धाच उरली नाही, मग फुकट चित्रं कशाला वाटायची? कार्डं जवळजवळ थांबली. ती जोरात परत आली १९०९ मध्ये. १९०९ ते १९११ या काळात या कंपनीनं आपल्या १६ ब्रँडांमधून जी मालिका वाटली, तिला आज 'टी-२०६' म्हणतात. संग्राहकांच्या मोजणीप्रमाणे तिच्यात ५२४ कार्डं आहेत. पुढे पांढऱ्या चौकटीत खेळाडू आणि खाली तपकिरी अक्षरांत आडनाव नि गाव, मागे 'पीडमाँट' किंवा 'स्वीट कॅपोरल' अशा सिगरेटींची जाहिरात. आपण मुख्यतः हीच मालिका बघणार आहोत.

दगडावरून पुठ्ठ्यावर

जुन्या मराठी पोथ्या आणि पंचांगं शिळाछाप असत, हे तुम्ही ऐकलं असेल. टी-२०६ ही त्याच शिळाछापाची रंगीत आवृत्ती. पद्धत अशी: बारीक कणांचा, गुळगुळीत घासलेला चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर तेलकट शाईनं किंवा खडूनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. तेलकट जागा पाणी धरत नाही आणि ओली जागा शाई धरत नाही. त्यामुळे शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. कागद दाबला, की छाप तयार.

हे झालं एका रंगाचं. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो, किंवा नंतरच्या काळात वापरात आलेला जस्ताचा पत्रा. म्हणजे पिवळ्याचा एक, लालचा एक, निळ्याचा एक, वर गुलाबी, तपकिरी आणि काळा. टी-२०६च्या एकेका कार्डावर असे निदान अर्धा डझन थर आहेत. प्रत्येक थर आधीच्या थरावर नेमका बसला पाहिजे. केसभर सरकला, की ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो.

आता या कारागिराची अडचण समजून घ्या. त्याच्यासमोर आहे खेळाडूचा काळा-पांढरा फोटो. त्याला ठरवायचंय की गालात गुलाबी किती, गुलाबीखाली पिवळा किती, टोपीच्या सावलीत निळा घालायचा की तपकिरी. आणि ते सगळं एकत्र त्याला कधीच दिसत नाही. तो पिवळ्याच्या दगडावर काम करतो तेव्हा फक्त पिवळ्याचं चित्र काढतो, आणि तेही उलटं, कारण छापताना डावं-उजवं बदलणार. पूर्ण चेहरा असतो त्याच्या डोक्यात. तो छापून बाहेर येतो अगदी शेवटी.

त्याच सुमाराला हीच विद्या आपल्याकडेही जोरात होती. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीनं तिथे लक्ष्मी-सरस्वती छापल्या गेल्या आणि घरोघरी भिंतीवर लागल्या. तंत्र एकच, पण एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या कारागिरासमोर रंगीत तैलचित्र असे. त्याला ते रंग सुटे करायचे होते. न्यूयॉर्कच्या 'अमेरिकन लिथोग्राफिक कंपनी'तल्या कारागिराला रंग मुळातूनच योजायचे होते. फोटोनं त्याला चेहऱ्याची ठेवण दिली. आकाश, उजेड, दिवसाची वेळ हे सगळं त्याचं स्वतःचं.

भिंग लावून बघितलंत तर गालावर बारीक बारीक ठिपके दिसतात. आजच्या वर्तमानपत्रातल्या फोटोतले ठिपके जाळीसारखे एका ओळीत असतात. इथले ठिपके गाल वळतो तसे वळतात, सावलीत दाटतात, उजेडात विरळ होतात. ठिपके कुठे दाट आणि कुठे विरळ, हे माणसाच्या हातानं ठरवलेलं आहे.

कधीकधी एखादा रंग छापायचा राहूनच गेलेलं कार्ड सापडतं. संग्राहक अशा चुकीसाठी जास्त पैसे मोजतात. मला त्यात एक्स-रे दिसतो. लाल गायब असलेला चेहरा बघितला की कळतं, बाकीच्या रंगांनी आधीच किती काम करून ठेवलं होतं.

आता एक कार्ड नीट बघू

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर यातली खूप कार्डं बघायला मिळतात. एखादं उघडा आणि माझ्याबरोबर दोन मिनिटं थांबा.

वॅग्नरपासून सुरुवात करू, सगळे त्याच्याबद्दलच बोलतात म्हणून. छातीपर्यंतचं चित्र. केसांचा भांग मधोमध. मागे सपाट नारिंगी रंग, ना मैदान ना प्रेक्षक. सदऱ्यावर आणि खाली गावाचं नाव आहे 'पिट्सबर्ग', पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा 'एच' नाही. ही छपाईची चूक नव्हे. १८९१ ते १९११ या काळात अमेरिकन सरकारच्या नामावलीत त्या शहराचं स्पेलिंग अधिकृतपणे तसंच होतं. एका अक्षरावरून चित्राचा काळ सांगता येतो तो असा.

आता तो नारिंगी रंग बघा. चेहऱ्यावरचा गुलाबी-पिवळा त्याच कुटुंबातला आहे. त्यामुळे चेहरा पार्श्वभूमीतून कापून काढल्यासारखा वाटत नाही, तिच्यातून वर आल्यासारखा वाटतो. वेगळा उठतो तो सदऱ्याचा थंड करडा. या माणसाकडे बघताना नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग सदऱ्यावर, मग नावावर. सगळं मिळून जेमतेम पावणेसात सेंटिमीटर उंची, तरी कुठे गर्दी नाही.

दुसरं कार्ड टाय कॉबचं. तो डेट्रॉइटचा, त्या काळातला सगळ्यात गाजलेला फलंदाज. टी-२०६ मध्ये तो चार वेळा आहे: दोनदा बॅट घेऊन, आणि दोनदा नुसता चेहरा. त्यातला एक चेहरा लाल पार्श्वभूमीवर, दुसरा हिरव्या. हे दोन शेजारी ठेवून बघाच. लालवरचा कॉब तापट वाटतो. फिक्या त्वचेमागे सगळीकडे ऊब पसरलेली असते. हिरव्यावरचा तोच माणूस निवलेला, जरा दूरचा वाटतो, कारण हिरव्याशेजारी त्वचेतली लाली उठून दिसते आणि बाकी सगळं शांत होतं. खेळाडू एक, छापखाना एक. स्वभाव बदलला तो मागच्या रंगानं. ही निवड कोणीतरी विचार करून केली असणार.

तिसरी गोष्ट आकाशाची. मैदानात उभ्या असलेल्या खेळाडूंची कार्डं चाळा. कितीतरी ठिकाणी मागे संध्याकाळ झालेली दिसते. खाली पिवळसर, वर निळसर, मध्ये नारिंगीचा पट्टा, आणि क्षितिजावर झाडांची काळपट रांग. बेसबॉलचे सामने तेव्हा दिवसाउजेडी होत. मैदानांना दिव्यांची सोय नव्हती. मग ही संध्याकाळ कुठून आली? ती छापखान्यातून आली. एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारं आकाश ही शिळाछाप कारागिराची हुकमी चीज, निसर्गदृश्यं छापून छापून कमावलेली. बेसबॉलच्या कार्डात तिची काही गरज नव्हती, तरी ती इथे आली. मला नेमकी हीच जागा सगळ्यात सुंदर वाटते. गिऱ्हाइकाला फक्त खेळाडू हवा होता, आणि कारागिरानं त्याला संध्याकाळ देऊन टाकली.

नाव कोणाचं?

या चित्रांवर चित्रकाराची सही नाही. मूळ फोटो काढणाऱ्यांची काही नावं माहीत आहेत. वॅग्नरचा फोटो बॉस्टनच्या कार्ल हॉर्नर यांनी काढला होता. पण तो फोटो दगडावर उतरवणारे, रंग सुटे करणारे, ती संध्याकाळ घालणारे कारागीर कोण, ते कार्डावर कुठेच लिहिलेलं नाही. खेळाडूचं नाव पुढे, सिगरेटचं मागे. चित्र काढणाऱ्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

या कार्डांना जपण्यासारखी वस्तू मानणाऱ्या माणसाचं नाव मात्र आपल्याला माहीत आहे. जेफरसन बर्डिक, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावचा. विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी करणारा, संधिवातानं बोटं आखडलेला. तो आयुष्यभर छापील कागद गोळा करत राहिला: सिगरेट कार्डं, पोस्टकार्डं, शुभेच्छापत्रं, लेबलं. त्यानं या सगळ्यांची एक सूची तयार केली. 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, 'एन' म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. 'टी-२०६' हे नाव त्याच सूचीतलं. आजही कोट्यवधींचे लिलाव बर्डिकच्या क्रमांकांनीच बोलले जातात.

१९४७ पासून त्यानं आपला संग्रह मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला द्यायला सुरुवात केली. तीन लाखांहून जास्त वस्तू, त्यात तीस हजारांवर बेसबॉल कार्डं. संग्रहालयाच्या मुद्राचित्र विभागात बसून तो दुखऱ्या हातांनी ती एकेक करून अल्बममध्ये लावत राहिला. काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं. दोन महिन्यांनी तो वारला.

एक तपशील इथे महत्त्वाचा आहे. त्यानं ती कार्डं अल्बमच्या पानांवर *चिकटवली*. डिंक लावून. त्यात वॅग्नरचंही कार्ड होतं. आजच्या कुठल्याही संग्राहकाला हे वाचून घाम फुटेल. का, ते सांगते.

कडा बघणारी नजर

आज जुनं कार्ड विकायचं तर आधी ते प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवतात. तिथले तज्ज्ञ प्रामुख्यानं चार गोष्टी बघतात: चित्र चौकटीत मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा सरळ आहेत का, पृष्ठभाग स्वच्छ आहे का. मग एक ते दहा असा अंक देतात आणि कार्ड जाड प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. मागे डिंक लागलेला असेल, घडी पडली असेल, एखाद्या मुलानं पेन्सिलीनं काही लिहिलं असेल, तर अंक घसरतो. एका अंकाच्या फरकानं किंमत कितीतरी पटींनी बदलू शकते.

या पद्धतीची गरज मला कळते. दोन अनोळखी माणसांना दुरून व्यवहार करायचा तर काहीतरी सामायिक माप लागतंच. पण त्या चार निकषांत चित्राचा दर्जा कुठे आहे? रंगांची निवड, ठिपक्यांचं काम, आकाश, यांना एकही गुण नाही. अख्खी तपासणी चित्राभोवती फिरते आणि चित्रात शिरतच नाही.

याचा शेवट कुठे होतो, ते एका प्रसिद्ध कार्डावरून दिसलं. वॅग्नरचं एक कार्ड इतर प्रतींच्या मानानं आश्चर्य वाटावं इतकं नेटकं होतं. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदारानं ते लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पुढे त्याला दहापैकी आठ मिळाले. त्या मालिकेतल्या कार्डाला एवढी वरची प्रत म्हणजे नवलच. किंमत चढत गेली आणि २०१६ मध्ये ३१ लाख २० हजार डॉलरवर पोहोचली. मधल्या काळात, २०१३ मध्ये, बिल मास्ट्रो या लिलाव-व्यावसायिकानं न्यायालयात कबुली दिली की ते कार्ड आपल्याकडे असताना त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या.

जरा थांबून याचा विचार करा. पुठ्ठा सुमारे पाऊणशे वर्षं जगला. त्याच्या कडा झिजल्या, कारण माणसांनी तो हाताळला. मग त्या झिजेसकट कडा छाटल्या, कारण 'चांगल्या' कार्डाची व्याख्या कडांवरून ठरते. म्हणजे कार्ड उत्तम दिसावं म्हणून खरं कार्डच कमी केलं. एखाद्या लघुचित्राचा हाशिया मळला म्हणून कोणी कापून टाकला, तर आपण त्याला नासधूस म्हणू. इथे त्यानं भाव वाढला.

आता बर्डिककडे परत या. त्याच्या डिंक लावलेल्या कार्डांना या मापावर जेमतेम एक-दोन गुण मिळतील. पण ती मालिकेच्या क्रमानं, एकमेकांशेजारी, संग्रहालयात चित्र म्हणून बघायला मिळतात. लाल कॉबच्या शेजारी हिरवा कॉब ठेवून बघण्याची मजा प्लास्टिकच्या डबीतल्या एकट्या कार्डात नाही. अर्थात, डिंक लावा असं मी म्हणत नाहीये! कागद जपणाऱ्या आजच्या कोणत्याही तज्ज्ञाला ते पटणार नाही. पण त्या माणसाला ही वस्तू कशासाठी आहे ते कळलं होतं, एवढं नक्की.

या चित्रसंग्रहात कोण नाही

कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. टी-२०६ मधली सगळी कार्डं चाळलीत तरी तुम्हाला एकही कृष्णवर्णीय खेळाडू सापडणार नाही. मोठ्या लीगची दारं त्यांना १८८०च्या दशकातच बंद झाली होती, आणि ती उघडली १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सनसाठी. जॉन हेन्री लॉईड किंवा रूब फॉस्टर यांच्यासारखे असामान्य खेळाडू नेमके १९०९-११ मध्ये खेळत होते. पण कार्डं छापताना कारागिरासमोर त्यांचा फोटो कधी ठेवलाच गेला नाही. ऑस्कर चार्ल्सटन हा दुसरा मोठा खेळाडू कार्डावर दिसतो तो क्युबातल्या सिगरेटीबरोबर आलेल्या १९२३-२४च्या मालिकेत, कारण क्युबात सगळे एकत्र खेळत.

या चित्रांचं कामही लक्षात ठेवायला हवं. ती सिगरेट विकत होती, आणि ती हवी म्हणून मुलं दुकानाबाहेर उभी राहून गिऱ्हाइकांकडे हात पसरत. वॅग्नरचं कार्ड इतकं कमी का, याची एक गोष्ट अशी सांगतात की मुलांना तंबाखूकडे ओढायला त्याचा विरोध होता. दुसरी अशी की त्याला पैशाबद्दल तक्रार होती. तो स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे वाद मिटत नाही. ते काही असो. ही चित्रं सुंदर आहेत ही गोष्ट खरी, आणि ते सौंदर्य कोणाच्या कामी आलं आणि कोणाला दिलंच गेलं नाही, ही गोष्टही तेवढीच खरी. दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर छापलेल्या आहेत.

दगड गेले, हात राहिले

पुढे सिगरेटची जागा बबलगमनं घेतली. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीनं २४० क्रमांकांची मालिका काढली. रंग भडक, झगझगीत, एकट्या बेब रूथची चार कार्डं. गंमत म्हणजे १०६ क्रमांकाचं कार्ड त्या वर्षी काढलंच नाही, मुलं ते शोधत गम घेत राहिली. तक्रार करणाऱ्यांना ते पुढच्या वर्षी टपालानं पाठवलं!

१९५२ची टॉप्स कंपनीची मालिका साय बर्गर आणि वूडी गेलमन या दोघांनी आखली, तीही ब्रुकलिनमध्ये बर्गरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर रंग चढवलेले. सुरुवातीला सांगितलेलं मँटलचं कार्ड यातलंच. न खपलेला माल बर्गरनं १९६० मध्ये बोटीतून नेऊन समुद्रात टाकला, असं त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, टॉप्सनं फोटो बाजूला ठेवून चित्रं रंगवून घेतली आणि त्यावरून कार्डं छापली. त्यातल्या बऱ्याच चित्रांमागचा चित्रकार गेरी द्वोराक आपल्याला नावानं माहीत आहे. या मालिकेचं पहिलंच कार्ड जॅकी रॉबिन्सनचं, आणि तिच्यात सॅचेल पेजही आहे. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये दोन दशकं गाजवूनही त्याला मोठ्या लीगमध्ये यायला १९४८ उजाडलं, तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला. कार्डावर त्याच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकवलंय. पण चेहरा नीट बघा, तो घाईनं रंगवलेला नाही.

त्याच वर्षी स्पर्धेतल्या बोमन कंपनीनं उलटा मार्ग धरला. नुसता रंगीत फोटो. पुढच्या बाजूला नाव नाही, सही नाही, काहीच नाही. त्यातलं पी वी रीजचं कार्ड बघा. तो हवेत उडालेला, खाली धावपटू धूळ उडवत घसरत येतोय. 'ओल्ड जज'मध्ये चेंडू दोरीनं टांगावा लागायचा. सहासात दशकांत कॅमेरा इथवर आला.

तर, बघायचं कसं?

जुनं कार्ड, मग ते बेसबॉलचं असो नाहीतर आजोबांच्या ट्रंकेतलं एखादं काडेपेटीवरचं चित्र, समोर आलं तर एवढं करा.

आधी किंमत विसरून हातभर अंतरावरून बघा. नजर सगळ्यात आधी कुठे जाते? ती तिथे जावी म्हणून रंगानं काय केलंय?

मग भिंग घ्या. ठिपके जाळीत आहेत की हातानं घातलेले? कुठला रंग आपल्या जागेवरून सरकलाय? सरकलेला रंग म्हणजे कारागिराच्या कामाचा माग.

मग पार्श्वभूमी बघा. खेळाडूचा चेहरा फोटोनं दिला होता. पार्श्वभूमी मात्र कोणीतरी मनानं ठरवली.

मग उलटं करा. मागची जाहिरात वाचा, डाग, घड्या, पेन्सिलीच्या खुणा बघा. हे कार्ड कोणाच्या खिशात होतं?

आणि शेवटी, कडा. त्या झिजलेल्या असतील तर असू द्या. मधल्या चित्रात त्या संध्याकाळी कुणीतरी आकाशात नारिंगी किती घालायचा याचा विचार करत बसला होता. कार्डावर त्याचं नाव नाही, म्हणून त्यानं जिथे काम केलं तिथे आपण बघायचं.